विषय: पॅकेजच्या नामकरणाबाबत

त्या गुरुवारी सकाळी अण्णांनी माझ्या उपम्याच्या बशीशेजारी एक फाइल ठेवली. फाइल म्हणजे संगणकातली नव्हे. खरी, बदामी पुठ्ठ्याची, नाडीने बांधलेली. चौतीस वर्षं केंद्र सरकारात काढून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेला माणूस घरात जशी फाइल करील, तशी. बाहेर दिल्लीच्या द्वारका भागात इतकं धुकं होतं की विमानं नुसती ऐकू येत होती.

"तुझ्याकडे मार्क केली आहे," अण्णा म्हणाले.

"अण्णा, मला आठ सतराची मेट्रो आहे."

"तातडीची नाही. तातडीची असती तर वर लाल चिठ्ठी लावली असती."

"रविवारी बघते."

"बघू नकोस. वाच," अण्णा म्हणाले आणि वर्तमानपत्रात शिरले. आईने स्वयंपाकघरातून मला मफलर घ्यायला सांगितलं, मी तो घेतला नाही. यापलीकडे त्या दिवशी काहीही घडलं नाही.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला दुधाची पिशवी आत घेताना अण्णा दारातच खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत. त्याबद्दल मला याहून जास्त लिहायचं नाही. ही हकीकत एका बारशाची आहे, आणि तिच्यात माझी जी शोभा झाली ती नीट सांगायची तर जागा पुरवून वापरली पाहिजे.

अण्णांनी निवृत्तीनंतर सेक्टर दहामधल्या ज्येष्ठ नागरिकांच्या वर्गात जाऊन पायथन ही संगणकाची भाषा शिकली. वर्गातले बाकीचे ज्येष्ठ नातवंडांचे फोटो अमेरिकेहून उतरवून घ्यायला शिकले आणि पांगले. अण्णांनी एक शब्दकोश केला. दिल्लीत वाढलेली मराठी मुलं बेलन म्हणतात, लाटणं म्हणत नाहीत. दहलीज म्हणतात, उंबरठा म्हणत नाहीत. अशी मुलं कोणकोणते शब्द विसरतात याची यादी अण्णा मी चौथीत असल्यापासून करत होते, कारण त्या मुलांमधली त्यांच्या सर्वांत जवळची मुलगी मी होते. यादी सहा हजार चारशे बारा शब्दांवर गेली होती. संगणकात "केतकी" असं लिहून पुढे शब्द लिहायचा, की त्याचा अर्थ, आणि शब्द हिंदी असला तर मराठी पर्याय आणि एक उदाहरण समोर येई.

केतकी हे माझं नाव आहे. मी त्याला थट्टा समजत होते आणि थट्टेला जेवढं महत्त्व द्यावं तेवढंच देत होते.

आता लिनक्सबद्दल. ते संगणक चालवणाऱ्या एका फुकट प्रणालीचं नाव आहे, आणि जगभरचे स्वयंसेवक त्या प्रणालीचे वेगवेगळे संच तयार करतात. प्रत्येक संच म्हणजे एक मोठं कोठार. त्यातल्या प्रत्येक वस्तूला पॅकेज म्हणतात, आणि पॅकेजचं नाव कसं असावं याचे लेखी नियम असतात. अण्णांना आपला शब्दकोश अशा एका कोठारात जायला हवा होता. एकदा तिथे गेला की ब्राझीलमधला माणूससुद्धा एक ओळ लिहून तो उतरवून घेऊ शकतो. ब्राझीलमध्ये उंबरठा हा शब्द कुणाला हवा असेल, हे मी एकदा विचारलं होतं. "हवा असेल तेव्हा मिळाला पाहिजे," अण्णा म्हणाले होते. सरकारी नोकरीचं सार त्यांनी मला यापेक्षा थोडक्यात कधी सांगितलं नाही.

तेराव्यानंतर मी त्यांची मेल उघडली. कोठाराच्या वतीने नवी पॅकेजं तपासणाऱ्या आयनो नावाच्या फिनलंडमधल्या बाईंचं पत्र येऊन पडलं होतं; अण्णांनी ते वाचलेलं होतं, उत्तर दिलेलं नव्हतं. अण्णांनी तोवर नुसता अर्ज पाठवला होता आणि त्यात पॅकेजचं नाव "केतकी_२" असं दिलं होतं, रोमन लिपीत, पहिलं अक्षर कॅपिटल. जेमतेम आठ अक्षरांच्या त्या नावात चार नियम मोडले होते. कॅपिटल अक्षर चालत नाही. मधली तळरेघ चालत नाही, कारण नाव आणि आवृत्ती यांना वेगळं करण्यासाठी ती राखीव आहे. आवृत्तीचा आकडा नावात घालायचा नाही. आणि नावावरून वस्तू काय करते ते कळलं पाहिजे, ती कुणाची कोण ते नव्हे. शिवाय दोन प्रश्न होते. एक: हे हयात व्यक्तीचं नाव असेल तर तिची संमती आहे का? दोन: लेखकाखेरीज हे कुणी वापरतं का? एकही वापरकर्ता नसलेल्या वस्तू कोठारात घेत नाहीत. पंधरा एप्रिलला कोठार गोठवलं जाईल, पुढची संधी दोन वर्षांनी.

"काय म्हणतेय ती?" आईने विचारलं.

"नाव बदला म्हणते."

"मग बदल की. त्यांचं तेवढं पुरं कर. दहा मिनिटांचं काम."

मलाही ते दहा मिनिटांचंच वाटलं. मी नोएडात एका प्रकाशनसंस्थेत इंग्रजी पुस्तकं संपादित करते. लोकांच्या कादंबऱ्यांची नावं मी जेवणाच्या सुट्टीत बदलली आहेत.

मी आयनोबाईंना कळवलं की लेखक वारले, मी त्यांची मुलगी, पुढचं मी बघते. दोन ओळींत अत्यंत मनापासूनचं सांत्वन आलं. तिसऱ्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं, की नावात अजून कॅपिटल अक्षर आहे. त्या पंधरवड्यात मला भेटलेल्या सगळ्या माणसांत ही बाई मला सर्वांत बरी वाटली.

दरम्यान आईने ही गोष्ट फक्त हरिदासकाकांना सांगितली. हरिदासकाका आमच्याच सोसायटीत राहतात, टपाल खात्यातून निवृत्त झालेत आणि आमच्या भागातल्या मराठी मंडळाचे तहहयात सचिव आहेत. त्यांना फक्त सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत ठराव होते. रविवारी मंडळाची बैठक भरली आणि मला "निमंत्रित" म्हणून एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवण्यात आलं.

"अण्णासाहेबांचं नाव आलंच पाहिजे," हरिदासकाका म्हणाले. "कैलासवासी अण्णासाहेब खळदकर स्मृती मराठी शब्दकोश. काय?"

"काका, ते सगळं सलग, लहान रोमन अक्षरांत लिहावं लागेल. मध्ये मोकळी जागा चालत नाही."

"मग आडव्या रेघा घाल."

"पाच रेघा होतील."

"होऊ देत की! आमच्या खात्यात पत्त्यावर सात ओळी असायच्या, पत्र पोचायचंच ना?"

एक गृहस्थ म्हणाले की सुरुवातीला "श्री" असावं. दुसरे म्हणाले कैलासवासींना श्री लावत नाहीत. यावर पाऊण तास गेला. एका बाईंनी मंडळाचंही नाव यावं असं सुचवलं, कारण चहा मंडळाचा होता. शेवटी टाळ्या झाल्या आणि काकांनी जाहीर केलं की कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहाचं सभागृह वीस एप्रिलसाठी बघून ठेवलंय, लोकार्पण सोहळा तिथे होईल, बॅनर छापायला गेलं आहे.

"काका, नाव अजून मंजूर नाही."

"अगं, बॅनरवर ठरलं की बाकीचं ठरतंच."

एका दुबळ्या क्षणी मी ते नाव खरंच आयनोबाईंना पाठवलं. त्यांनी उत्तर दिलं: "लांबीवर नियमांत मर्यादा नाही. पण हे कुणालातरी टाइप करावं लागेल."

लिफ्टमध्ये मिसेस भाटिया भेटल्या. त्यांना अंकशास्त्र येतं. "बेटा, नाम का टोटल तीन आना चाहिए. आठ आया तो शनि बैठ जाएगा कम्प्यूटर में. मेरे दामाद को देखो, एक अक्षर बढ़ाया और कहाँ से कहाँ पहुँच गया."

"कहाँ पहुँचे, आंटी?"

"फ़रीदाबाद," मिसेस भाटिया म्हणाल्या, आणि त्यांचा मजला आला.

मी ठरवलं की आता लोकशाही पुरे. पॅकेजचं नाव "मराठी-शब्द". लहान अक्षरं, एक आडवी रेघ, अर्थ स्वच्छ. अण्णांच्या संगणकावर बसून मी "केतकी" दिसेल तिथे काढून "मराठी-शब्द" घालण्याची आज्ञा दिली. रोमनमध्ये दिलीच, आणि सावधगिरी म्हणून देवनागरीतही दिली. त्या सावधगिरीचा मला आजही पश्चात्ताप होतो. संगणकाने कळवलं की अकराशे त्रेचाळीस ठिकाणी बदल झाले. एका नावासाठी हा आकडा जरा मोठा आहे, असं माझ्या मनात येऊन गेलं. पण त्या दिवशी मी काम पूर्ण करण्याच्या आनंदात होते. पॅकेज पाठवून दिलं, आईला सांगितलं, आईने शिरा केला.

चौथ्या दिवशी आयनोबाईंचं पत्र आलं. "नाव फार सर्वसाधारण आहे. मराठी शब्दांचे अन्य संग्रहही येऊ शकतात, हा कोणता ते कळत नाही. दुसरी गोष्ट. मला मराठी येत नाही, म्हणून मी काही उदाहरणं यंत्राकडून भाषांतरित करून पाहिली. एका सॉफ्टवेअर पॅकेजने तिसऱ्यांदा मेट्रोचं कार्ड हरवलं, इतिहासात छत्तीस गुण मिळवले आणि गणपतीत मोदक जमिनीवर पाडून मांजरावर आळ घेतला, असं दिसतं. हे अपेक्षित आहे का?"

ते अपेक्षित नव्हतं. मी यादी उघडली.

अण्णांनी प्रत्येक शब्दाला उदाहरण दिलं होतं, आणि उदाहरणं घरातली होती. धांदरट: "मराठी-शब्दने तिसऱ्यांदा मेट्रो कार्ड हरवले, ती धांदरट आहे." हेकट: "मराठी-शब्दला मफलर घे म्हटले की ती घेत नाही, हेकट आहे." चेंगट, आगाऊ, रडूबाई, फटकळ. दिल्लीच्या मराठी मुलांना येणार नाहीत असे जेवढे दुर्गुण मराठीत आहेत, ते सगळे वडिलांनी एकाच माणसाच्या साह्याने समजावून दिले होते. आणि हे सगळं मी स्वतःच्या हाताने फिनलंडला पाठवलं होतं.

आईला वाचून दाखवलं. ती तेराव्यानंतर पहिल्यांदा हसली, आणि इतकी हसली की पदर तोंडाला लावून बाल्कनीत निघून गेली.

"मोदक तूच पाडला होतास," ती बाहेरून म्हणाली.

"मांजराने पाडला होता."

"अगं, आपल्याकडे मांजर कधी होतं?"

आता सगळं पूर्ववत करणं आलं, आणि मूळ प्रत मी शिल्लक ठेवली नव्हती. लोकांच्या हस्तलिखितावर खूण करण्याआधी तीन प्रती काढणाऱ्या संपादिकेने वडिलांच्या एकुलत्या एक प्रतीवर हात फिरवला होता. ऑफिसात हे कुणाला सांगितलेलं नाही.

पण ती एकुलती एक नव्हती. आणखी एक प्रत होती, आणि ती रोज वापरात आहे हे जगात फक्त मलाच ठाऊक होतं, असं मी तोवर समजत होते.

चार वर्षांपूर्वी माझा लॅपटॉप मंद झाला तेव्हा अण्णांनी त्यात लिनक्स घातलं आणि न विचारता शब्दकोशही घातला. मी म्हणाले, "मला नको, मला मराठी येतं." घरात वाचणारी मी. वाढदिवसाला पुस्तकं मागणारी मी. आईच्या मैत्रिणींना कादंबऱ्या सुचवणारी मी. आणि द्वारकेहून नोएडापर्यंतच्या सव्वा तासाच्या मेट्रोत, मांडीवर मराठी पुस्तक आणि त्याच्याआड लॅपटॉप उघडून, दर दुसऱ्या पानाला गुपचूप "केतकी" असं लिहून पुढे शब्द विचारणारीही मीच. वळचण मी राजीव चौकाच्या अलीकडे शिकले. कानकोंडं होणं हे यमुना ओलांडताना. घरी आल्यावर तोच शब्द जेवताना सहज वापरायचा, जणू काही पाळण्यातच ऐकला होता. अण्णा भात कालवता कालवता मान वर करायचे आणि म्हणायचे, "बिल्कुल बरोबर वापरलास." मी ऐकलं न ऐकल्यासारखं करायचे.

तर ती प्रत काढली. तिच्यात सगळ्या केतक्या सुखरूप होत्या; नंतर वाढलेले शब्द तेवढे अण्णांच्या संगणकावरून तिच्यात घालावे लागले. शेजारी मला माहीत नसलेली एक छोटी नोंदवहीही सापडली. अण्णांचा शब्दकोश विचारलेला प्रत्येक शब्द लिहून ठेवत असे, उजळणीसाठी. माझ्या नोंदवहीत दोन हजार तीनशे सतरा शब्द होते.

मी लॅपटॉप मिटला. मग पुन्हा उघडला, कारण एप्रिल लागला होता.

नाव अजून सुचत नव्हतं आणि तेव्हा कुठे मला त्या फाइलची आठवण झाली. खरं सांगायचं तर आठवण रोज होत होती, पण रविवार म्हटलेलं असताना ती बुधवारी किंवा शुक्रवारी उघडायला हात धजत नव्हता. आता बघितलं तर आईने ती उचलून ठेवलेल्या फळीवर फाइल नव्हती. कपाटात नव्हती. आपण तिच्यावर परात ठेवली होती असं आईला आठवत होतं, पण परातीखाली काही नव्हतं.

"हरिदासभावजी घेऊन गेले असतील," आई म्हणाली. "बाराव्या दिवशी हस्ताक्षराचा नमुना मागत होते. स्मरणिकेला."

हरिदासकाकांच्या दिवाणखान्यात बॅनर उलगडून ठेवलं होतं. कैलासवासी अण्णासाहेब खळदकर स्मृती वगैरे, भोवती कमळं. फाइल त्यांनी देवघराच्या खालच्या कप्प्यातून काढून दोन्ही हातांनी दिली.

"आत काही वाचलं नाही हं," ते म्हणाले. "उघडली, हिरवा कागद दिसला, लगेच बंद केली. मीही सरकारीच. आपल्याकडे मार्क नसलेली फाइल वाचू नये."

"काका, बॅनरवरचं नाव चालणार नाही."

ते थोडे हिरमुसले. "म्हणजे अण्णासाहेबांचं नाव येणारच नाही का गं?"

मी आयनोबाईंनी सांगितलेलं त्यांना सांगितलं. पॅकेजच्या नावात कर्त्याचं नाव नसतं, पण प्रत्येक पॅकेजच्या आत एक कागद असतो, त्यात हे कुणी केलं ते लिहिलेलं असतं, आणि नियमाप्रमाणे तो कागद काढता येत नाही. शब्दकोश जिथे जाईल तिथे तो बरोबर जातो.

"ब्राझीललासुद्धा?"

"ब्राझीललासुद्धा."

काकांनी चष्मा काढून पुसला. "मग बॅनरवर चिकटपट्टी लावू," ते म्हणाले.

घरी येऊन मी नाडी सोडली. सरकारी फाइलीत उजवीकडे पत्रव्यवहार असतो आणि डावीकडे हिरव्या कागदावर टिपण्या. खालचा माणूस टिपणी लिहितो, वरच्याकडे पाठवतो, वरचा शंका काढून परत पाठवतो. अण्णा घरात एकटेच असल्याने त्यांनी हे सगळे हुद्दे स्वतःच सांभाळले होते. सहायक म्हणून काळ्या शाईत लिहिलं होतं, "नावाचे प्रस्ताव सादर." कक्ष अधिकारी म्हणून निळ्यात, "नियम न वाचता प्रस्ताव सादर केल्याबद्दल खेद वाटतो. नियमांची छापील प्रत जोडावी." सहायकाने ती जोडली होती. मग अवर सचिव म्हणाले होते, "तळरेघेवरील बंदी योग्य आहे. आपल्या फाइल क्रमांकात तिरकी रेघ याच कामासाठी असते. ज्याने हा नियम केला त्याला कार्यालयाचा अनुभव असावा." सहायकाने एकदा "मराठी-शब्द" असंही सुचवलं होतं. कक्ष अधिकाऱ्याने समासात लिहिलं होतं, "फार सर्वसाधारण. विचार करून लिहावे." मला माझ्या वतीने त्या सहायकाची कीव आली.

चौतीस वर्षं अण्णांनी इंग्रजीत आणि हिंदीत टिपण्या लिहिल्या. त्यांच्या हाताची मराठी टिपणी मी पहिल्यांदाच पाहत होते. एकही खाडाखोड नव्हती. मी धंद्याने लोकांची वाक्यं दुरुस्त करते, आणि अकरा पानांत मला एक शब्द हलवावासा वाटला नाही.

शेवटचं पान असं होतं:

"२१. पॅकेजचे नाव नियमानुसार शब्द-दिल्ली-एमआर असावे. एमआर हा मराठी भाषेचा संकेत आहे; काय आहे, कुठले आहे, कोणत्या भाषेचे आहे, हे तिन्ही त्यातून कळते.

२२. पॅकेजच्या आतील आज्ञेस, म्हणजे शब्द विचारताना आधी जे लिहावयाचे त्यास, वेगळे नाव ठेवण्यास नियमांची हरकत नाही, असे दिसते. सबब 'केतकी' हे तसेच ठेवावे. आपल्यात शाळेच्या दाखल्यावर एक नाव असते व घरात हाकेचे दुसरे, त्याप्रमाणे.

२३. वरील २२ साठी संबंधित व्यक्तीची संमती आवश्यक.

२४. लेखकाखेरीज अन्य वापरकर्ता आहे काय? एक असल्याचा संशय आहे. जेवणाच्या वेळी तिच्या बोलण्यात यादीतील शब्द क्रमाक्रमाने येत असल्याचे निदर्शनास आले आहे. तिच्या लॅपटॉपमध्ये नोंदवही आहे. परंतु दुसऱ्याची नोंदवही परवानगीशिवाय उघडणे योग्य नाही, म्हणून पाहिलेली नाही. संबंधिताने स्वतः सांगितल्यासच ग्राह्य धरावे.

२५. कृपया बोला."

खाली "सक्षम अधिकारी: केतकी" असं लिहून जागा रिकामी सोडली होती, आणि कागदाला एक पेन अडकवलेलं होतं. मी टोपण काढून पाहिलं. शाई हिरवी होती. सरकारात हिरवी शाई सहसचिव आणि त्यांच्या वरचेच वापरतात. अण्णा सहसचिव झाले नाहीत. त्यांना ती कधी वापरता आली नाही, आणि त्यांनी ती या फाइलीसाठी विकत आणली होती.

आयनोबाईंना मी त्याच संध्याकाळी लिहिलं. पॅकेजचं नाव शब्द-दिल्ली-एमआर. आतल्या आज्ञेचं नाव केतकी. संमती आहे, केतकी मीच. लेखकाखेरीज वापरकर्ता: एक. चार वर्षं. दोन हजार तीनशे सतरा वेळा. हजारो मैलांवरच्या अनोळखी बाईला हे लिहायला मला दोन मिनिटं लागली. मग दुसऱ्या दिवसापासून रोज मेट्रोत बसून यादीतली उदाहरणं पहिल्यापासून क्रमाने तपासली, कुठे मराठी-शब्द शिल्लक राहिला नाही ना म्हणून. त्यात माझी स्तुती शोधण्याचा हेतू अजिबात नव्हता. "अभिमान" हा शब्द मी केवळ क्रमाने आला म्हणून पाहिला. उदाहरण होतं: "सेक्टर बाराच्या बाजारातील खड्ड्यांचा कुणालाही अभिमान असल्याचे आढळले नाही."

"घुमा" मात्र मी दोनदा वाचला. मनातले बाहेर न बोलणारा. उदाहरण: "अण्णा घुमे आहेत. केतकी त्यांच्यावर गेली आहे."

बारा एप्रिलला, गोठवणीच्या तीन दिवस आधी, पॅकेज कोठारात घेतल्याचं पत्र आलं. आयनोबाईंनी शेवटी लिहिलं होतं, की नाव उत्तम आहे, आणि आपण आजवर तपासलेल्या अर्जांत नामकरणाचा इतका नीट विचार केलेला दुसरा पाहिलेला नाही. मी ते आईला वाचून दाखवलं. आईने ते पुन्हा वाचायला लावलं. मग हरिदासकाकांना फोन करून मला पुन्हा वाचायला लावलं. काकांनी ते मिसेस भाटियांना सांगितलं, आणि त्यांनी बेरीज करून कळवलं की टोटल तीनच येतो, "मैंने तो पहले ही कहा था."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी नाश्त्याचं टेबल पुसलं, फाइल आणली आणि अण्णांच्या खुर्चीसमोर माझ्या जागेवर बसले. रविवारी बघते म्हटल्याला तेरा रविवार झाले होते. हिरव्या पेनाचं टोपण काढलं. "कृपया बोला", म्हणजे समक्ष चर्चा करा, असा शेरा असेल, तर त्याखाली "बोलले" एवढंच लिहून सही करायची असते. पण प्रत्यक्ष बोलणं झाल्याशिवाय तसं लिहिणं म्हणजे खोटी नोंद, आणि अण्णांच्या फाइलीत आजवर खोटी नोंद झालेली नाही.

स्वयंपाकघरात आईचं भांड्यांचं काम चाललं होतं, ते थांबलं.

"अण्णा," मी म्हणाले. आवाज जरा मोठा लागला. "तेवीसला माझी संमती आहे. आणि चोवीसमधली ती मीच. रोज वापरते, पहिल्या आठवड्यापासून. मला मराठी येत नव्हतं, अण्णा. जेवताना जे बोलायचे ते सगळं सकाळी तुम्हालाच विचारलेलं असायचं, फक्त तुम्हाला कळू देत नव्हते. काम फार चांगलं झालंय. मी चार वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं."